बेटावरचे घर कोणाचे?

समुद्रकाठी नारळाच्या सावलीत एक टुमदार घर असावे, घड्याळाची गुलामगिरी नसावी आणि उरलेले आयुष्य तेथे निवांत जावे, हे स्वप्न काही नवे नाही. पूर्वी ते कथाकादंबऱ्यांत आढळे. आता ते जाहिरातींत आढळते. उष्ण कटिबंधातील कित्येक लहानमोठी बेटे आज परक्या माणसाला केवळ पर्यटक म्हणून नव्हे, तर रहिवासी म्हणून निमंत्रण देऊ लागली आहेत. हिंदी महासागरातील मॉरिशस हे त्यांतील एक ठळक उदाहरण होय. तेथे घर विकत घ्या आणि राहण्याचा परवाना मिळवा, असा हा सरळ व्यवहार आहे. परंतु घर विकत घेणे आणि एखाद्या भूमीत घर करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा धडा ज्या देशाच्या इतिहासाइतका स्पष्टपणे क्वचितच कोठे मिळेल, तो देशही नेमका मॉरिशसच आहे. त्या इतिहासात आपल्या कोकणातील माणसांचाही वाटा असल्याने मराठी वाचकाने तो समजून घेणे अगत्याचे आहे.

मॉरिशसला मूळचे रहिवासी असे कोणी नाहीत. सतराव्या शतकात डच तेथे वस्तीला आले आणि काही दशकांनी सोडून गेले. मग फ्रेंच आले. त्यांनी आफ्रिका आणि मादागास्कर येथून गुलाम आणून उसाचे मळे उभारले. १८१० मध्ये बेट इंग्रजांच्या ताब्यात गेले. म्हणजे गोरा मळेवाला असो, गुलामाचा वंशज असो वा हिंदी मजूर असो, तेथील प्रत्येकाचे पूर्वज बाहेरून आलेले. अशा ठिकाणी ‘भूमिपुत्र कोण?’ हा प्रश्न रक्ताने सुटत नाही. तो कोणी किती श्रम केले, कोण संकटकाळीही तेथेच राहिला आणि कोणी तेथील समाजाचा भार उचलला, यावरूनच सोडवावा लागतो.

गुलामगिरी रद्द होत असताना मळ्यांना मजुरांचा तुटवडा भासू लागला आणि २ नोव्हेंबर १८३४ रोजी पोर्ट लुई बंदरात करारबद्ध हिंदी मजुरांची पहिली तुकडी उतरली. पुढील काही दशकांत सुमारे साडेचार लाख माणसे या मार्गाने आली. कलकत्ता आणि मद्रासप्रमाणे मुंबई बंदरातूनही जहाजे जात आणि त्यांत तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यातील शेतकरी-मजुरांचा भरणा असे. पाच वर्षांचा करार, दरमहा ५ रुपयांच्या आसपास पगार आणि शिधा, हे त्या काळचे मोल. एक दिवस कामाला चुकले तर दोन दिवसांचा पगार कापण्याची रीत होती. करार संपवून मोकळ्या झालेल्या माणसालाही १८६७ च्या कायद्यान्वये स्वतःचे छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे. तो नसल्यास भटक्या ठरवून त्याला अटक होई. या जाचाविरुद्ध १८७१ मध्ये हजारो मजुरांच्या वतीने अर्ज सादर झाला, तेव्हा कोठे राजकीय चौकशी आयोग नेमला गेला. ज्या घाटावर ही माणसे उतरत, तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. आज तेथे फुले वाहिली जातात हे योग्यच; पण त्या पायऱ्या चढणाऱ्याला बेटावर घर देण्याचा कोणाचाही हेतू नव्हता, हे विसरून चालणार नाही. बोलावणे हातांना होते, माणसांना नव्हते.

मग ही माणसे घरवाली झाली कशी? येथे अर्थशास्त्राचा भाग येतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील बीटच्या साखरेने बाजार व्यापला आणि उसाच्या साखरेचे भाव घसरले. भांडवलाच्या टंचाईत सापडलेल्या मळेवाल्यांनी आपल्या कडेच्या, हलक्या प्रतीच्या जमिनी तुकडे पाडून विकायला काढल्या. या प्रक्रियेला तेथे ‘मोर्सेलमाँ’ म्हणतात. घेणारे होते जुने हिंदी मजूर. आरंभी त्यांत मुकादम आणि मजूर पुरविणारे कंत्राटदार अधिक होते. त्यांच्या मागोमाग साधे मजूरही आले. दमडी दमडी साठवून, हप्त्याहप्त्याने त्यांनी एक-दोन बिघे जमीन घेतली, त्यावर ऊस लावला, झोपडीचे घर केले आणि अंगणात तुळस लावली. विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या दशकांपर्यंत उसाखालील जमिनीचा लक्षणीय भाग या छोट्या हिंदी शेतकऱ्यांच्या हाती आला होता. त्यानंतर १९४८ च्या निवडणुकीत, बेटावरील भाषांपैकी एखादी साधेपणाने लिहिता-वाचता येणाऱ्याला मताधिकार मिळाला आणि गावोगावच्या बैठकांत रात्री गिरविलेल्या अक्षरांना राजकीय किंमत आली. जमीन, अक्षर आणि मत या तीन पायऱ्या चढून मजूर नागरिक झाला. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला. गणेश चतुर्थीची तेथे आज सार्वजनिक सुटी असते आणि शाळेत मराठी शिकण्याची सोय आहे, यामागे ही शंभर-सव्वाशे वर्षांची चिकाटी उभी आहे.

इतिहासाची गंमत अशी की, साखरेचे संकट पुन्हा आले. युरोपीय बाजारात मॉरिशसच्या साखरेला करारान्वये मिळणारा चढा भाव २००६ नंतर ३६ टक्क्यांनी उतरविण्यात आला आणि २००९ मध्ये तो करारच संपुष्टात आला. हे दुश्चिन्ह आधीपासून दिसत होतेच. मोठ्या मळ्यांपुढे पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला: या जमिनीचे करायचे काय? या वेळचे उत्तर मात्र निराळे होते. २००२ मध्ये सरकारने परदेशी नागरिकांसाठी आलिशान निवासांची योजना आणली, २००७ मध्ये तिला दुसरी जोड दिली आणि २०१५ मध्ये दोहोंची जागा नव्या योजनेने घेतली. १९७५ च्या कायद्याने परकीयांच्या मालमत्ता-खरेदीवर घातलेल्या निर्बंधांतून या योजनांपुरती वाट काढण्यात आली. निवासाचा हक्क मिळविण्यासाठी घराची किमान किंमत आधी ५ लाख डॉलर होती. २०२० मध्ये ती ३ लाख ७५ हजारांवर आणली गेली. पश्चिमेकडील तामारँ आणि ब्लॅक रिव्हरच्या परिसरात, जेथे ऊस डोलत होता, तेथे कुंपणबंद बंगल्यांच्या वसाहती आल्या. पहिल्या वेळी साखर कोसळली तेव्हा जमीन कष्टकऱ्याकडे सरकली. दुसऱ्या वेळी ती डॉलरवाल्याकडे सरकली. या एका फरकात सारा प्रश्न सामावलेला आहे.

या धोरणाची दुसरी बाजू मांडली नाही, तर तो अन्याय होईल. १९६१ मध्ये जेम्स मीड या अर्थशास्त्रज्ञाने या देशाचा अभ्यास केला, तेव्हा वाढत्या लोकसंख्येच्या भाराखाली तो दबून जाईल, अशी भीती त्याला वाटत होती. ती खोटी ठरली. निर्यात-उद्योग, पर्यटन आणि वित्तसेवा यांच्या बळावर मॉरिशसने आफ्रिकेत हेवा वाटावा अशी प्रगती केली. आज तेथील चिंता उलटी आहे: जन्मदर घटला आहे, लोकसंख्या वृद्ध होत आहे आणि आयात भागविण्यासाठी परकीय चलन हवे आहे. बंगल्यांच्या विक्रीतून ते मिळते. गवंडी, सुतार, माळी, मदतनीस यांना काम मिळते. शिवाय परकीयाला वाटेल तेथे जमीन घेता येत नाही आणि किनारपट्टीचा ठरावीक पट्टा सरकारी मालकीचाच आहे. सरकारने डोळे मिटून देश विकायला काढला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल.

परंतु रिकार्डोपासून अर्थशास्त्र एक गोष्ट सांगत आले आहे: जमिनीचा खंड मालकाच्या कर्तबगारीतून नव्हे, तर तिच्या दुर्मिळतेतून उपजतो. कापडाचा भाव चढला तर आणखी माग उभे राहतील. बेट मात्र वाढविता येत नाही. जेमतेम दोन हजार चौरस किलोमीटरांच्या देशात श्रीमंत देशांतील निवृत्तिवेतने आणि बचती घरांच्या बाजारात उतरल्या की भावाचा मापदंडच बदलतो. पोर्ट लुईतील शिक्षक किंवा कारकून रुपयांत पगार घेतो. त्याच्या गावाशेजारच्या जमिनीचे मोल मात्र डॉलरमध्ये बोलले जाऊ लागते. त्यातून होणारा लाभ बहुतांशी जुन्या मळ्यांच्या वारसांना मिळतो आणि भार पडतो तो घर बांधू पाहणाऱ्या तरुणावर. म्हणून अशा खरेदीवर भरीव कर बसवून तो पैसा स्थानिकांच्या परवडणाऱ्या घरांसाठी राखून ठेवणे, आणि मळ्याची जमीन बंगल्यांना द्यायची तर तिचा काही हिस्सा गावकऱ्यांच्या वस्तीसाठी सक्तीने सोडावयास लावणे, यात परकीयांचा द्वेष मुळीच नाही. तो साधा न्याय आहे.

याच देशाच्या इतिहासात बेटावरचे घर गमावलेल्यांचेही एक प्रकरण आहे. स्वातंत्र्यापूर्वी, १९६५ मध्ये, इंग्रजांनी चागोस द्वीपसमूह मॉरिशसपासून तोडला आणि लष्करी तळासाठी १९६८ ते १९७३ या काळात तेथील रहिवाशांना हलविले. त्यांतील अनेक जण पोर्ट लुईच्या गलिच्छ वस्त्यांत येऊन पडले. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ मध्ये मॉरिशसच्या बाजूने मत दिले. २०२५ च्या मे महिन्यात दोन्ही सरकारांनी करारावर सह्या केल्या. त्या करारातही दिएगो गार्सिया या मुख्य बेटावर पुन्हा वस्ती करण्याची मुभा चागोसवासीयांना नाही. पिढ्यान् पिढ्या नारळ फोडून राहिलेल्यांना स्वतःच्या अंगणात परतता येऊ नये आणि धनादेश फाडणाऱ्याला मात्र शेजारच्या देशात काही महिन्यांत घर मिळावे, हे आपल्या युगाचे विदारक चित्र आहे.

तरीही ज्याला खरोखरच अशा बेटावर जाऊन राहायचे आहे, त्याने जाऊ नये असे नाही. माणसे नेहमीच स्थलांतर करीत आली आहेत आणि मॉरिशस हा देशच स्थलांतराने घडला आहे. मात्र जाणाऱ्याने जुन्या मजुराकडून एवढे शिकावे की, घर कुंपणाच्या आत होत नाही. तेथील क्रिओल बोली शिकावी, मुले तेथील शाळेत घालावीत, करांचा बोजा कुरकुर न करता उचलावा, वादळ आले तर विमानाचे तिकीट न काढता शेजाऱ्याचे छप्पर बांधू लागावे. एवढे केले की दुसरी पिढी तेथलीच होते.

आणि आपण घरी बसून हे वाचणाऱ्यांनीही आपल्या किनाऱ्याकडे एकदा पाहावे. ज्या कोकणातून पोटासाठी माणसे दीडशे वर्षांपूर्वी समुद्रापार गेली, त्याच कोकणात आज शहरांतील पैसा सुटीतल्या बंगल्यासाठी जमिनी शोधतो आहे आणि तेथील तरुण मुंबईच्या चाळीत वा उपनगरातल्या भाड्याच्या खोलीत जागा शोधतो आहे. गोव्याची कथा याहून वेगळी नाही. कोणत्याही भूमीची भरभराट मोजायची असेल, तर तेथे किती बंगले विकले गेले हे विचारू नये. तेथील शाळेत शिकविणाऱ्याला, पोस्टात बसणाऱ्याला आणि बंगल्याच्या विटा रचणाऱ्याला त्याच गावात स्वतःचे घर करता येते काय, हे विचारावे. मॉरिशसच्या मजुराला एके काळी ते करता आले. त्याच्या पणतवाला ते करता यावे, ही जबाबदारी आता त्याने निवडून दिलेल्या सरकारची आहे; आणि कोकणापुरती ती आपली आहे.