एक नाव, तीन रॉबर्ट

इंग्लंडचा इतिहास वाचताना एक पंचाईत नेहमी होते. तिथल्या सरदार घराण्यांत तीच ती नावे पिढ्यान्‌पिढ्या फिरत असतात. सेसिल घराण्याचेच घ्या. नुसते 'रॉबर्ट सेसिल' म्हटले, तर "कोणता?" असे विचारावेच लागते. त्यातल्या तिघांविषयी आज थोडेसे.

पहिला रॉबर्ट (१५६३–१६१२) राणी एलिझाबेथचा सचिव. बुटका, पाठीत बाक असलेला. दरबारात त्याची थट्टा व्हायची. पण १६०३ मध्ये राणी वारली तेव्हा रक्त न सांडता जेम्स राजा गादीवर आला, तो मुख्यतः याच्या धोरणामुळे. जेम्सने त्याला सॅलिस्बरीचा अर्ल केले. आणि हाच माणूस स्पेनकडून गुपचूप तनखाही घेत होता!

दुसरा रॉबर्ट (१८३०–१९०३) म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकांतले लॉर्ड सॅलिस्बरी, तीन वेळा इंग्लंडचे पंतप्रधान. त्यांचा आपल्याशी थेट संबंध आला. १८६६ च्या जुलैमध्ये ते भारतमंत्री झाले, तेव्हा ओरिसात दुष्काळ पडला होता. दोन महिने आपण काहीच केले नाही, असे पुढे त्यांनीच कबूल केले. तोवर पावसाळ्याने बंदरे बंद झाली होती. सुमारे दहा लाख माणसे मेली. दुसऱ्यांदा भारतमंत्री असताना त्यांनी आय.सी.एस. परीक्षेची वयोमर्यादा २१ वरून १९ वर आणली. आपल्या मुलांना ती परीक्षा आणखीच अवघड झाली. १८८८ मध्ये भर सभेत ते दादाभाई नौरोजींना 'काळा माणूस' म्हणाले. त्याच दादाभाईंना १८९२ मध्ये लंडनच्या मतदारांनी पार्लमेंटमध्ये पाठवले, आणि त्याच निवडणुकीनंतर सॅलिस्बरींचे सरकार गडगडले. काळाने घेतलेला हा सूड मला फार आवडतो.

तिसरा रॉबर्ट (१८६४–१९५८) यांचाच मुलगा. पहिल्या महायुद्धात जर्मनीची नाकेबंदी करणारे खाते त्याच्याकडे होते. शत्रूची रसद तोडायची, म्हणजे पर्यायाने तिथल्या बायकामुलांच्या तोंडचा घास काढायचा. पण त्याच १९१६ साली या गृहस्थाने युद्धे टाळण्यासाठी काय करता येईल याचे टिपण लिहून मंत्रिमंडळापुढे ठेवले. पुढे राष्ट्रसंघाची घटना तयार करण्यात त्याचा मोठा वाटा होता. १९३७ चे शांततेचे नोबेल त्यालाच मिळाले.

आता माझे म्हणणे. अशा घराण्यांबद्दल बोलताना आपण सगळ्यांचे मिळून एकच खाते उघडतो. कोणी म्हणतो, "केवढे थोर खानदान!" कोणी म्हणतो, "सगळे एका माळेचे मणी." दोन्ही मते सोयीची आहेत, कारण दोन्हींत विचार करायचे कष्ट वाचतात. मुलाच्या नोबेलने बापाचे ते दोन महिने भरून निघत नाहीत. आणि बापाच्या त्या शब्दाचा डाग मुलाच्या टिपणावर पाडणेही बरोबर नाही. नाव वारशाने मिळते, हिशेब मात्र ज्याचा त्याचा.

पण एक गोष्ट या घरात खरोखर वारशाने मिळत होती, ती म्हणजे संधी. तिसऱ्या रॉबर्टचे टिपण मंत्रिमंडळापुढे गेले, कारण त्याच्यासाठी ते दार जन्मापासून उघडे होते. तेच दार आपल्या हुशार मुलांसाठी त्याच्या बापाने अधिक अरुंद केले होते. म्हणून थोर घराण्यांची वंशावळ वाचताना मला दोन प्रश्न पडतात. यांनी काय केले, हा पहिला. आणि हीच संधी मिळाली असती तर आणखी कितीजणांनी काय काय केले असते, हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर कुठल्याच इतिहासात सापडत नाही.

असो. तुम्हाला काय वाटते, जरूर लिहा.