मटाराच्या शेंगा आणि रॉयल्टी

माझी मामेबहीण ओटी आहे. ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट. पुस्तकी मराठीत व्यवसायोपचारतज्ज्ञ, पण नाशिकमध्ये तिच्याकडे येणाऱ्या आया तिला 'थेरपीवाल्या मॅडम'च म्हणतात. गेल्या हिवाळ्यात तिच्याकडे गेलो तेव्हा ती चार वर्षांच्या एका मुलासमोर मॅटवर मांडी घालून बसली होती. मध्ये परात, परातीत मटाराच्या शेंगा. त्या मुलाचा अंगठा आणि तर्जनी अजून जुळत नव्हती. शेंग मुठीत धरून तो दाबायचा आणि ती निसटून पडायची. बहीण काहीच बोलत नव्हती. स्वतः एक शेंग उचलायची, टोक चिमटीत धरायची आणि हळूच दोरा ओढायची. अकराव्या का बाराव्या शेंगेला त्याच्या चिमटीत 'टप्' असा आवाज झाला आणि दाणे परातीत उडाले. त्याने मान वर करून आधी आईकडे पाहिलं. निघताना बहिणीने आईला चिठ्ठी लिहून दिली: रोज स्वयंपाकाच्या वेळी दहा शेंगा, घाई करायची नाही, त्याच्या हातातून काढून घ्यायची नाही.

त्याच संध्याकाळी तिने माझ्यापुढे बेचाळीस पानांचा करार ठेवला. "दादा, बँकेत आयुष्यभर कर्जाच्या फायली वाचल्यास. हे एवढं वाचून दे ना." बालविकास केंद्रांच्या एका साखळीची फ्रँचायझी ती घेणार होती.

का घेणार होती, ते विचारावं लागलं नाही. साडेचार वर्षांची पदवी आणि त्यानंतर चौदा वर्षं खासगी रुग्णालयांतली नोकरी. पालक एका सेशनचे जे पैसे मोजतात त्यातले निम्मेही हिच्या हातात पडत नाहीत. स्वतःचं केंद्र काढायचं तर जागा, झोपाळे, बोलस्टर, सॉफ्टवेअर हवं. बरोबर काम करणारी स्पीच थेरपिस्ट आणि विशेष शिक्षिका मिळवायची, आणि पालकांच्या कानावर नाव जायला दोन-तीन वर्षं थांबायचं. साखळीचं नाव घेतलं की यातलं बरंचसं आयतं मिळतं. फिजिओ, स्पीच थेरपिस्ट, काही ठिकाणी बालरोगतज्ज्ञही याच वाटेने निघालेत. मला ही वाट वाईट वाटत नाही. हीच फ्रँचायझी पैसे भरणाऱ्या कुणालाही मिळू शकते. मग ज्याला मूल कळतं त्याने ती घेतलेली कधीही बरी.

गरज तर खरीच आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत देशातल्या पाच भागांतली २ ते ९ वर्षांची मुलं तपासली होती, त्यात उत्तर गोवाही होता. ऐकणं, बोलणं, शिकणं, आकडी, स्वमग्नता अशी मेंदूच्या वाढीशी निगडित एखादी तरी अडचण साधारण १२ टक्के मुलांत आढळली. म्हणजे आठांत एक. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आरोग्य पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जाऊन मुलं तपासायची असतात. अडचण दिसलेल्या मुलाला 'डीईआयसी'त, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, मोफत उपचार मिळावेत अशी सोय आहे. पण आठवड्यातून दोनदा तालुक्याहून जिल्ह्याला जायचं तर रोजंदारीवरच्या आईचे दोन दिवस बुडतात. घराजवळचं केंद्र तिला हवंच असतं.

हा पेशा आपल्याकडे रुजला तो सार्वजनिक रुग्णालयात, हे मला या निमित्ताने पुन्हा सांगावंसं वाटतं. परळच्या केईएममध्ये १९५० साली कमलाताई निंबकरांनी देशातलं ऑक्युपेशनल थेरपीचं पहिलं विद्यालय सुरू केलं. जन्माने अमेरिकन, लग्नाने इथल्या झालेल्या या बाईंनी ते महापालिकेच्या रुग्णालयात उभं केलं, जिथे गिरणगावातली माणसं औषधपाण्याला येत. माझी बहीण जे मटाराच्या शेंगांनी करते त्याची मुळं तिथे आहेत.

आता करार. रॉयल्टी दहा टक्के, तीही जमा रकमेवर, नफ्यावर नाही. हा आकडा कागदावर लहान दिसतो. समजा तीन थेरपिस्ट आहेत, प्रत्येकीची दिवसाला सहा सेशन, महिन्याचे पंचवीस दिवस. झाली ४५० सेशन. सेशनला ८०० रुपये धरले तर जमा ३,६०,०००. दहा टक्के रॉयल्टी ३६,०००. तिच्यावर १८ टक्के जीएसटी ६,४८०. थेरपी ही आरोग्यसेवा असल्याने सेशनवर जीएसटी नाही, आणि म्हणूनच रॉयल्टीवर भरलेला हा जीएसटी परतही मिळत नाही. तोही खर्चच. म्हणजे भाडं आणि पगार देण्याआधीच ४२,४८० रुपये गेले. हे बहिणीला कुणी सांगितलं नव्हतं.

इथवरचा हिशेब कुठल्याही धंद्याचा. बँकेत असे पुष्कळ पाहिले. मला झोप लागली नाही ती चौतिसाव्या पानामुळे. तिथे 'रिटेन्शन'चं लक्ष्य होतं: पहिलं पॅकेज संपल्यावर किती टक्के मुलांनी दुसरं घ्यावं, त्याचा आकडा. आणि पॅकेज होतं ४८ सेशनचं, पहिल्या तपासणीच्या दिवशीच सुचवायचं.

मटार सोलायला शिकलेल्या त्या मुलासारखी पाच मुलं घ्या. आठवड्याला दोन सेशन म्हणजे महिन्याला आठ. बहिणीला वाटलं की आता यांना रोजचा सराव घरीच पुरे, तर महिन्याची ४० सेशन कमी झाली आणि ३२,००० रुपये जमेतून गेले. एका थेरपिस्टचा पगार त्यातून निघतो. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला वर्षानुवर्षं आधार लागतो, तिथे प्रश्न वेगळा. पण ज्या मुलाला सोडायची वेळ आलीय, त्याच्या आईला 'आता येऊ नका' हे वाक्य सांगणं हे थेरपीतलं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मोलाचं काम आहे. नोकरीत असताना बहीण ते सहज बोलायची, कारण तिचा पगार ठरलेला होता. मालकीण झाल्यावर त्याच वाक्यासाठी तिला दर महिन्याला ३२,००० मोजावे लागतील, आणि वर त्या खाली गेलेल्या टक्क्याचा जाब द्यावा लागेल. ती सच्ची आहे म्हणून हे चालून जाईल असं मी मानत नाही. हप्ता डोक्यावर असलेली सच्ची माणसं मी खूप पाहिलीत. ती खोटं बोलत नाहीत, पण 'अजून एक महिना बघू' असं म्हणायला लागतात.

आणखी दोन कलमं टोचली. करार संपल्यावर दोन वर्षं त्याच शहरात थेरपी करायची नाही, असं एक. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ पुढे असली अट सहसा टिकत नाही, पण ते कोर्टात सिद्ध करायला वकील लागतो आणि वर्षं जातात. दुसरं, मुलांच्या सगळ्या नोंदी कंपनीच्या मालकीच्या. म्हणजे उद्या ही बाहेर पडली तर ज्या मुलाला तिने तीन वर्षं घडवलं त्याची फाईल तिला पाहता येणार नाही. आईलाही ती मागून घ्यावी लागेल. सोबतच्या पुस्तिकेत बालरोगतज्ज्ञांशी 'टाय-अप'चं एक पान होतं. मुलं पाठवल्याबद्दल डॉक्टरांनी कमिशन घ्यायला २००२ च्या आचारसंहितेत स्पष्ट बंदी आहे. ते पान मी फाडून टाकायला सांगितलं.

अमेरिकेत फ्रँचायझी देणाऱ्याला सही किंवा पैसे घेण्याआधी किमान १४ दिवस सगळी माहिती लेखी द्यावी लागते. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदाच नाही. विचारायचं ते ज्याने त्याने स्वतः विचारायचं. म्हणून आम्ही दोघांनी बसून पत्र लिहिलं. मूल किती दिवस यायचं आणि कधी थांबायचं हे थेरपिस्टच ठरवेल, आणि त्याचा आकडा कुठल्याही लक्ष्यात धरला जाणार नाही. पॅकेज बाराच्या वर नाही, आणि प्रत्येक पॅकेजनंतर पुन्हा तपासणी. फाईलची एक प्रत आईच्या हातात. घरी करायच्या गोष्टींची चिठ्ठी प्रत्येक सेशनला, मग केंद्राच्या वेळापत्रकात त्यासाठी दहा मिनिटं जास्त गेली तरी चालतील. आणि मालकीण असली तरी बहीण आठवड्यातले तीन दिवस मॅटवरच बसणार, टेबलामागे नाही.

या शेवटच्या मागणीवर ती जरा थांबली होती. मग म्हणाली, "दादा, हे त्यांच्यासाठी नाही, माझ्यासाठी लिही."

पॅकेज आणि फाईलची मागणी कंपनीने मान्य केली आहे. मूल कधी थांबवायचं, या मुद्द्यावर 'विचार करून कळवतो' असं उत्तर आलं, त्याला सात आठवडे झाले. बहिणीने सही केलेली नाही. जागा पाहून ठेवली आहे, आणि कंपनीने नाही म्हटलं तर दोन मैत्रिणींना घेऊन स्वतःच्या नावाने, लहान का होईना, सुरू करायचं असं चाललंय. मी जामीन राहणार आहे.

परवा तिच्याकडे होतो तेव्हा त्या मुलाच्या आईचा फोन आला. बाजारात मटार महाग झाले, आता काय करू, असं ती विचारत होती. बहीण म्हणाली, "आता भुईमुगाच्या शेंगा घ्या. त्यांना जोर जास्त लागतो, पण त्याला जमेल. आणि ताई, आठवड्यातून दोनदा यायची आता गरज नाही. महिन्याने एकदा आणा त्याला."