चिथावणारे माडीवर, मरणारे मातींत!

शहाण्या लोकांची एक जुनी खोड आहे. जगांत कोठेंहि आग लागली कीं ते प्रथम गरिबाच्या झोपडींत काडीपेटी शोधूं लागतात. ता. ११ सप्टेंबर २००१ रोजीं अमेरिकेंत विमानें इमारतींवर आदळून सुमारें तीन हजार माणसें ठार करण्यांत आलीं, तेव्हांहि हेंच झालें. दहशतवाद हा दारिद्र्यांतून आणि अज्ञानांतून उपजतो, असें मोठमोठे पुढारी मोठमोठ्या सभांतून सांगूं लागले. आपल्याकडील पांढरपेशे वक्ते तीच री ओढीत आले, अजूनहि ओढतात. अडाणी आणि उपाशी पोर काय करील याचा नेम नाहीं, असें ते व्याख्यानांत म्हणतात आणि समोर बसलेला कुणबी, कोष्टी, कुंभार मान डोलावतो! बंधूंनो, ही शिवी आहे आणि ती आपल्याला आहे. खरी कीं खोटी हें पाहिल्याशिवाय मान डोलावूं नका.

पाहण्याचें काम कांहीं अभ्यासकांनीं केलें आहे. अ‍ॅलन क्रूगर हे अमेरिकन अर्थशास्त्री व त्यांच्या सहकारी जित्का मालेच्कोव्हा यांनीं २००३ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. लेबनानांतील हिजबुल्ला या संघटनेच्या मेलेल्या १२९ लढवय्यांची घरची स्थिति व शिक्षण त्यांनीं त्याच देशांतील सामान्य लोकांशीं ताडून पाहिलें. सामान्य लोकांत गरीब शेंकडा ३३, तर त्या लढवय्यांत शेंकडा २८. माध्यमिक शाळेपर्यंत किंवा त्यापुढें गेलेले सामान्य लोकांत शेंकडा ३८, तर त्या लढवय्यांत शेंकडा ४७. म्हणजे गरिबी कमी आणि शिक्षण जास्त! मार्क सेजमन यांनीं २००४ सालच्या आपल्या ग्रंथांत अल् कायदाच्या वळणाच्या १७२ इसमांची माहिती तपासली. त्यांतले बहुतेक जण दोस्ती आणि सोयरीक यांच्या वाटेनें आंत शिरलेले. भुकेच्या वाटेनें नव्हे. गॅम्बेटा आणि हर्टोग या दोघांनीं २०१६ सालीं दाखवून दिलें कीं, असल्या टोळ्यांत इंजिनिअर लोकांचा भरणा त्यांच्या संख्येच्या मानानें फारच मोठा आहे. आतां सांगा, कुळवाड्याच्या झोपडींत काडीपेटी शोधणाऱ्यांचें तोंड कोठें गेलें?

नांवेंच घ्या. ओसामा बिन लादेन हा अरबस्थानांतील गडगंज कंत्राटदाराचा पोरगा. त्याच्या मागून गादीवर बसलेला जवाहिरी हा कैरोचा शस्त्रवैद्य. विमानें पळविणाऱ्यांचा म्होरक्या महंमद अत्ता जर्मनींत नगररचना शिकलेला. लष्कर-ए-तोयबाचा हाफिज सईद लाहोरच्या इंजिनिअरिंग विद्यापीठांत शिकविणारा प्राध्यापक. कोणी म्हणेल, हा एका धर्माचाच दोष. मुळींच नाहीं! १९९५ च्या मार्चांत जपानमध्यें टोकियोच्या भुयारी रेल्वेंत विषारी वायु सोडणारा ओम् शिनरिक्यो हा पंथ एका बुवाचा होता. त्याच्या पायाशीं शास्त्रज्ञ आणि डॉक्टर लोळण घेत होते, आणि वायु सोडणाऱ्यांत एक तर हृदयाची शस्त्रक्रिया करणारा होता. २०११ सालीं नॉर्वे देशांत ७७ माणसें मारणारा इसम परराष्ट्र खात्यांतील अधिकाऱ्याचा मुलगा. तो ख्रिस्ती युरोप वांचविण्याच्या गोष्टी सांगत होता. धर्म निरनिराळे, पण कारखाना एकच. वरती शिकलेला, खाऊनपिऊन सुखी असा कोणी तरी बसतो, देवाचा निरोप आपल्यालाच आला आहे असें सांगतो आणि दुसऱ्याच्या हातून रक्त सांडवितो.

मी शाळामास्तर आहें; पोरांना बाराखडी शिकवून पोट भरतों. शाळा नको असें मी म्हणेन काय? शाळा हवी, गांवोगांव हवी. पण नुसतें लिहितां-वाचतां आल्यानें माणूस शहाणा होतो, ही समजूत वरील मंडळींनीं खोटी पाडली आहे. ज्याला "कां?" असें विचारतां येत नाहीं, तो पदवीधर असला तरी बुवाच्या हातांतलें प्यादें, आणि ज्याला विचारतां येतें, तो अंगठा उठविणारा असला तरी कोणाच्या बापाला बधणार नाहीं. जोतीरावांनीं १८७३ सालीं सत्यशोधक समाज काढला तो याचसाठीं कीं, देव आणि माणूस यांच्यामध्यें दलाल नको. दलाल पूजेचा असो कीं बंदुकीचा, दलालच तो!

आतां कोणी विचारील, मुंबईचा तो कसाब गरीब नव्हता काय? होता. ता. २६ नोव्हेंबर २००८ रोजीं समुद्रमार्गें दहा जण मुंबईंत उतरले आणि त्यांनीं १६६ माणसें मारलीं. त्यांपैकीं जिवंत सांपडलेला अजमल कसाब पाकिस्तानांत ओकारा जिल्ह्यांतल्या फरीदकोट गांवचा. बाप हातगाडीवर खाण्याचे जिन्नस विकणारा, पोरगा चार इयत्ता शिकून शाळा सोडलेला. पण मुंबई कोठें आहे हें त्याला कोणीं दाखविलें? होडी, बंदुका, बाँब, नकाशे, शिकवणूक यांचा खर्च कोणीं केला? आणि नरसंहार चालू असतां त्या पोरांच्या कानाशीं टेलिफोनवरून कोण बोलत होतें? पलीकडे सुरक्षित खोलींत बसून, मारा, जिवंत सांपडूं नका, असें त्यांना पढविणारे स्वतः त्या होडींत कां बसले नाहींत? त्यांच्या पोटचीं पोरें कां नाहीं बसलीं? दहांपैकीं नऊ तेथेंच मेले, दहावा २१ नोव्हेंबर २०१२ रोजीं येरवड्यास फांसावर चढला. कसाबला या वाक्यांनीं दोषमुक्ति मिळत नाहीं. निरपराध्यांवर गोळ्या झाडणारा हात त्याचाच. पण गरिबी हें त्या हत्याकांडाचें मूळ नव्हे. गरिबाचें पोर हें त्याचें हत्यार होतें. मूळ माडीवर बसलें होतें.

आणि मेलें कोण? वर्तमानपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर मोठ्या हॉटेलांचा धूर दिवसेंदिवस दिसला. पण बोरीबंदरच्या स्टेशनांत पन्नासांहून अधिक माणसें मेलीं, तीं कोण होतीं? गांवाकडच्या गाडीची वाट पाहत बोचक्यावर बसलेलीं पोटार्थी माणसें! त्यांच्यांत हिंदु होते, मुसलमानहि होते. गोळी जात विचारीत नाहीं. तिकीट मात्र बहुधा साध्या डब्याचेंच असतें. ता. २२ एप्रिल २०२५ रोजीं काश्मिरांत पहलगामला धर्म विचारून माणसें मारलीं. सव्वीस बळी गेले; त्यांत सहा आपल्या महाराष्ट्राचे, आणि पाहुण्यांना घोड्यावर फिरवून पोट भरणारा तेथलाच एक मुसलमान घोडेवालाहि. हा त्यांचा धर्माचा कैवार!

कसाबला धरलें कोणीं? सातारा जिल्ह्यांत जावळी तालुक्यांतल्या केडंबे गांवच्या तुकाराम ओंबळे यांनीं. फौजेच्या सेनापतीनें नव्हे. पोलिसांतल्या एका सहायक फौजदारानें, हातांत काठी असतांना! गिरगांव चौपाटीवर त्यांनीं बंदुकीची नळी धरली, गोळ्या आपल्या पोटांत घेतल्या आणि नळी सोडली नाहीं. म्हणून कसाब जिवंत हातीं लागला, म्हणून कट कोठें शिजला याचा पुरावा जगापुढें मांडतां आला. २००९ सालीं त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालें. मुलखाची लाज राखली ती कुणब्याच्या मनगटानें. आणि व्याख्यानांत शिव्या खातो तोहि कुणबीच!

आतां उपायाकडे वळूं. नुसता तोफखाना लावा म्हणजे दहशतवाद संपेल, असें आरामखुर्चींत बसून गर्जणारे पुष्कळ आहेत. अमेरिकेच्या रँड या संस्थेनें २००८ सालीं हिशेब मांडला. १९६८ पासून २००६ पर्यंतच्या ६४८ टोळ्यांची चौकशी केली. त्यांपैकीं संपुष्टांत आलेल्या २६८ टोळ्या कशानें संपल्या? शेंकडा ४३ राजकारणाच्या वाटेला लागून, शेंकडा ४० पोलीस व गुप्तहेर यांच्या कामानें, शेंकडा १० आपला हेतु साधून, आणि लष्करी बळानें फक्त शेंकडा ७! म्हणजे तोफेपेक्षां तपास मोठा. ओंबळे यांच्या मनगटाची किंमत या आंकड्यांत दिसते.

पण माडीवरचे लोक सांपडत कां नाहींत? कारण प्रत्येक राष्ट्राला शेजाऱ्याच्या घरचा दहशतवादी दिसतो, आपल्या घरचा दिसत नाहीं. हिंदुस्थानानें १९९६ सालीं संयुक्त राष्ट्रांपुढें दहशतवादाविरुद्ध सर्वंकष कराराचा मसुदा ठेवला. तो अजून मंजूर झालेला नाहीं. दहशतवादी म्हणावें कोणाला, यावरच राष्ट्रांचें घोडें अडलें आहे! त्यांतल्या त्यांत एक उपाय थोडाफार लागू पडला, तो पैशाच्या तपासाचा. पॅरिस येथें एफ.ए.टी.एफ. नांवाचें मंडळ आहे. कोणत्या देशांतून दहशतवाद्यांना पैसा जातो हें तें पाहतें. त्यानें २०१८ ते २०२२ पर्यंत पाकिस्तानला संशयाच्या यादींत ठेवलें. त्याच मुदतींत, २०२० सालीं, तेथल्याच कोर्टानें त्या प्राध्यापक हाफिज सईदला दहशतवादाला पैसा पुरविल्याबद्दल शिक्षा ठोठावली. वर्षानुवर्षें सभा गाजविणाऱ्याला बंदुकीनें नव्हे, हिशेबाच्या वहीनें गांठलें. सावकाराची वही किती धारदार असते हें आम्हां शेतकऱ्यांना कोणीं शिकवायला नको!

या उलट, तपास न करतां नुसता कडक कायदा केला म्हणजे काय होतें तें आपल्या देशानें पाहिलें आहे. १९८५ चा टाडा कायदा दहा वर्षें चालला. सुमारें ७६ हजार लोकांना त्याखालीं धरलें. गुन्हा शाबीत झाला शंभरांत दोघांवरहि नाहीं. बाकीच्यांचीं घरेंदारें, शेतेंभातें कोणीं संभाळलीं? २००६ च्या जुलैंत मुंबईच्या लोकलगाड्यांत सात स्फोट झाले. त्या खटल्यांत २०१५ सालीं बारा जणांना शिक्षा झाली आणि २०२५ सालीं मुंबईच्या हायकोर्टानें सर्वच्या सर्व निर्दोष ठरविले. सरकारनें त्यावर सुप्रीम कोर्टांत अपील केलें. आम्ही एवढेंच विचारतों: पुरावा जर हायकोर्टांतच टिकला नाहीं, तर एकोणीस वर्षांत मेलेल्यांच्या विधवांना न्याय काय मिळाला? चुकीचा माणूस धरणें ही खऱ्या खुन्याची सर्वांत मोठी चाकरी आहे. आणि चुकीनें धरला जातो तो बहुधा ज्याला वकील परवडत नाहीं तोच.

म्हणून आईबापांनो, एवढें करा. धर्माच्या, जातीच्या किंवा देशाच्या नांवानें तुमच्या पोराला कोणी रक्त सांडायला बोलावूं लागला, मग तो दाढीवाला असो, शेंडीवाला असो कीं कोटपाटलूणवाला असो, त्याला ओट्यावर बसवा, पाणी द्या आणि चार प्रश्न विचारा. महाराज, तुमचा स्वतःचा मुलगा कोठें आहे? वर्गणीचा पैसा कोठून येतो आणि वही कोणाजवळ आहे? हें काम इतकें पुण्याचें, तर उजेडीं कां करीत नाहीं? आणि आमचें पोर मेल्यावर त्याच्या बायकोचें कुंकू आणि सातबाऱ्यावरचें कर्ज कोण भरून देणार? चारांपैकीं एकाचेंहि सरळ उत्तर आलें नाहीं, तर पाहुण्याला वेशीपर्यंत पोंचवा, पोलीसपाटलाला कळवा आणि पोराला शेताला लावा.

आमचीं पोरें औत धरायला, माग चालवायला, घण घालायला आणि वेळ पडली तर ओंबळ्यांसारखें देशासाठीं उभें राहायला आहेत. माडीवरच्यांचीं प्यादीं व्हायला तीं जन्मलीं नाहींत!