अपील नसलेला नकार

नकार लिहिणे हा आमच्या पोटापाण्याचा धंदा आहे. दिल्लीतील एका केंद्रीय कचेरीत आम्ही कारकुनी करतो आणि आलेल्या अर्जांपैकी बऱ्याच अर्जांस ‘नियमान्वये अनुज्ञेय नाही’ असे उत्तर आमच्याच हातून जाते. तेव्हा नकार या विषयावर चार शब्द लिहिण्याचा अधिकार आम्हांस पोहोचतो, असे आम्ही समजतो.

निमित्त घडले ते इंग्लंडातून आलेल्या एका पत्राचे. आमची धाकटी मावशी लग्नानंतर तिकडे गेली आणि मध्य इंग्लंडातील एका शहरात स्थायिक झाली. आता ती सत्तरीच्या पुढे आहे. आमवाताने तिचे गुडघे आणि घोटे पार धरले आहेत. मुलगी तिला मोटारीतून नेते-आणते. खरी अडचण मोटारीतून उतरल्यावर सुरू होते. अशा माणसांसाठी त्या देशात ‘ब्लू बॅज’ नावाची सोय आहे. १९७० च्या एका कायद्याने ती निर्माण झाली व १९७१ पासून अमलात आली. हा बॅज गाडीस नव्हे, माणसास मिळतो. तो माणूस ज्या गाडीत असेल ती राखीव जागेत उभी करता येते. जेथे माल चढविण्या-उतरविण्यास बंदी नसेल तेथे पिवळ्या रेघांवरही इंग्लंडात तीन तासांपर्यंत ठेवता येते. बॅज द्यावयाचा की नाही, हे स्थानिक कौन्सिल ठरविते. मावशीच्या कौन्सिलने तो नाकारला. ते पत्र तिने आम्हांस धाडले आणि सोबत लिहिले, “अरे, तू सरकारी कागद लिहितोस ना? मग यांना उत्तर कसे द्यायचे, तेवढे सांग.”

पत्र वाचताच आम्हांस आमचीच लेखणी आठवली. मसुदा तयार असतो, फक्त नाव आणि तारीख बदलावयाची! अर्जदार बाई ८० मीटरांहून अधिक चालू शकतात असे तपासणीत आढळले, सबब त्या पात्र नाहीत. मजकूर काय तो एवढाच.

आता हा ८० मीटरांचा आकडा कायद्यात नाही. नियमांतले शब्द असे की, माणसास चालता येत नसावे किंवा चालताना अतिशय त्रास होत असावा, आणि व्यंग टिकाऊ असावे. आकडा आहे तो वाहतूक खात्याने कौन्सिलांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत. तिथेही म्हटले आहे ते हे, की जो ८० मीटरांहून अधिक चालतो आणि ज्याला अन्य कोणत्याही कारणाने चालताना अतिशय त्रास होताना दिसत नाही, तो पात्र नव्हे. अन्य कारणे म्हणजे वेदना, धाप, चालण्याची गती, चालण्याची ढब. मावशीच्या कौन्सिलने वाक्याचा पूर्वार्ध उचलला आणि उत्तरार्ध टाकून दिला. ती भिंतीला धरून, दोनदा थांबून त्या ओसरीच्या टोकास गेली, हे खरे. त्यानंतर दोन दिवस ती अंथरुणावर होती. पण ते दोन दिवस तपासनीस बाईंना कोठून दिसणार?

या चुकीबद्दल आम्ही कौन्सिलच्या कारकुनास फारसा दोष देत नाही. एका विधवा बाईंच्या अर्जावर आम्हीही एकदा असाच शेरा मारून फाईल वर पाठविली होती. त्याच नियमाखाली अपवाद छापलेला होता. तो आमच्या ध्यानी आला तीन महिन्यांनी, आणि तोही बाईंनी अपील केले म्हणून. त्या अपिलाने बाईंचे पैसे वाचले, आणि खरे सांगावयाचे तर आमचीही अब्रू वाचली.

इंग्लंडात बॅजच्या पात्रतेविषयी असे अपीलच नाही. फेरविचार मागता येतो, पण तो त्याच कौन्सिलकडे. पुढे लोकपालाकडे तक्रार नेता येते. ते कार्यपद्धतीत दोष होता काय एवढे पाहतात, बॅज देत नाहीत. न्यायालयात जावयाचे तर मुदत फार तर तीन महिन्यांची, आणि खर्च एका पार्किंगच्या जागेसाठी कोणी करील असा नव्हे. ज्या देशात सर ऑलिव्हर फ्रँक्स यांच्या समितीने १९५७ साली न्यायाधिकरणांसाठी उघडेपणा, न्याय्यता आणि निःपक्षपातीपणा ही तीन तत्त्वे सांगितली, त्याच देशात ही अवस्था आहे!

यात वयाचा अन्यायही आहे. कामाच्या वयातील माणसास ‘पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट’ नावाचे अर्थसाहाय्य मिळते. त्यात चालण्याच्या सदरात ८ गुण मिळाले की बॅज आपोआप मिळतो. आणि ५० मीटरांपलीकडे चालता येत नसेल तर ते ८ गुण मिळतात. गुण कमी दिले गेले तर फेरविचारानंतर स्वतंत्र न्यायाधिकरणापुढे उभे राहता येते. परंतु सरकारी पेन्शनचे वय उलटल्यावर या साहाय्यासाठी नव्याने अर्जच करता येत नाही. म्हातारपणी पाय गेले त्यांस कौन्सिलचे एकच दार उरते, आणि ते मिटले की मिटले.

यावर कौन्सिलवाले म्हणतात की बॅजचा गैरवापर होतो, चोऱ्या होतात, जागा थोड्या आहेत. हे सर्व आम्हांस मान्य आहे. जागा थोड्या म्हणून कसोटी कडक ठेवा, दुसऱ्याच्या बॅजवर गाडी लावणाऱ्यास दंड करा. पण जागा थोड्या असल्याने चुकीचा निर्णय बरोबर कसा ठरतो? अपिलांस पैसा लागतो, हेही खरे. आमच्या कचेरीतही तो लागतो.

आपल्याकडे सर्व आबादीआबाद आहे, असे मात्र कोणी समजू नये. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम ५९ अन्वये प्रमाणपत्राच्या निर्णयावर अपील आहे, ही चांगली गोष्ट. परंतु सुगम्यतेची मानके नियमांनी केवळ शिफारशीदाखल ठेवली होती. म्हणून ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयास नियम १५(१) रद्दबातल ठरवावा लागला. आमच्या कचेरीच्या आवारात चाकांच्या खुर्चीचे चित्र रंगविलेली एक जागा आहे. पोलिओने पाय गेलेले आमचे एक सहकारी मागे जादा चाके लावलेली स्कूटर घेऊन येतात, तेव्हा तेथे बहुधा कोणा साहेबांची मोटार उभी असते. कोणाकडे अपील करावे, हे त्यांनी आम्हांस विचारले होते. आम्ही त्यांस सेक्शन ऑफिसरांकडे पाठविले. मोटार त्यांच्याच वरिष्ठांची निघाली.

असो. मावशीसाठी आम्ही फेरविचाराचा अर्ज लिहून दिला. ‘त्रास होतो’ असे मोघम न लिहिता किती पावलांवर थांबावे लागते, कोठे धरावे लागते, दुसऱ्या दिवशी काय होते, औषध कोणते, हे सर्व त्यात घातले. फिजिओथेरपिस्टचे पत्र जोडले. तपासणीच्या अहवालाची प्रत मागितली. सहा आठवड्यांनी उत्तर आले: निर्णय कायम. वेदनेविषयी त्यातही अक्षर नाही. खाली सही त्याच अधिकाऱ्याची.

आता लोकपालांकडे द्यावयाच्या तक्रारीचा मसुदा आम्ही पाठविला आहे. मावशीने अजून त्यावर सही केलेली नाही. “इतकी कागदे काळी करून मिळवायची ती गाडी लावायची जागाच ना रे?” असे ती परवा टेलिफोनवर म्हणाली. दर मंगळवारी ती वाचनालयात जात असे. गेले चार मंगळवार ती गेलेली नाही.