कुणाचंही ऐकणारा फ्लॅश

घरी गणपती बसले की कॅमेरा कपाटातून बाहेर येतो. समोरून फ्लॅश मारला की काय होतं ते तुम्ही पाहिलंच असेल. सोंडेवर पांढरा डाग, मखरावर काळी सावली. समई लावली होती की नाही, तेही फोटोत कळत नाही.

फ्लॅश बाजूला नेला की हे सुधारतं. पण त्यासाठी लगेच नवीन काही विकत घेऊ नका. तुमच्याकडच्या वेगळ्या फ्लॅशवर ‘एस १’ आणि ‘एस २’ अशा खुणा आहेत का, ते आधी बघा. गोडॉक्स टीटी ६०० किंवा योंगनुओ वायएन ५६० वर त्या असतात. असल्या तर तुमच्या घरात ‘स्लेव्ह’ आलेलाच आहे.

या फ्लॅशच्या अंगावर उजेड ओळखणारा एक डोळा असतो. उजेड एकदम वाढला की तो फ्लॅश उडवतो. ट्यूबलाइटकडे तो लक्ष देत नाही. कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश उडाला की लांबचाही त्याच क्षणी उडतो. वायर लागत नाही.

आता घोळ कुठे होतो ते ऐका. कॅमेरा ऑटोवर असला की छोटा फ्लॅश खऱ्या फोटोच्या आधी, अंदाज घ्यायला, एकदा हळूच उडतो. आपल्याला दोन्ही मिळून एकच वाटतात. स्लेव्ह मात्र पहिल्यालाच फसतो आणि आधीच उडून मोकळा होतो. फोटो काळा येतो. फ्लॅश बिघडला म्हणून मी एकदा दुकानात जाऊन भांडून आलो आहे. बिघाड फ्लॅशमध्ये नव्हता.

म्हणून असं करा. छोटा फ्लॅश मॅन्युअलवर टाका, ताकद १/१६ किंवा १/३२ ठेवा आणि लांबचा एस १ वर लावा. कॅमेऱ्यात मॅन्युअलची सोय नसेल तर लांबचा एस २ वर लावा. तो पहिला उजेड सोडून देतो. ‘लाल डोळे टाळा’ ही सोय बंदच ठेवा. ती चालू असली की बरेचदा छोटा फ्लॅश जास्त वेळा लुकलुकतो, आणि मग एस २ सुद्धा चुकतो. शटर १/१२५ वर असू द्या. फार वेगात नेलंत तर फोटोत काळा पट्टा येतो.

लांबच्या फ्लॅशचा डोळा कॅमेऱ्याकडे हवा. तोंड मूर्तीकडे फिरवा, अंग कॅमेऱ्याकडेच राहू द्या. चुन्याच्या पांढऱ्या भिंती असतील तर कोपऱ्यातूनही त्याला दिसतं. अंगणात, उन्हात तो दिपतो. तिथे जवळ आणावा लागतो. उजेड जास्त वाटला तर बटणांशी झटापट कशाला? स्टँड मागे घ्या. अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई होतो.

छोट्या फ्लॅशचा समोरचा उजेड खुपत असेल तर एक जुनी युक्ती आहे. रंगीत रोलच्या धुतलेल्या फिल्मचा काळा शेंडा त्याच्यावर चिकटवा. दिसणारा उजेड जवळजवळ अडतो, न दिसणारा पलीकडे जातो, आणि स्लेव्हला तो पुरतो. कृष्णधवल फिल्म चालत नाही, तिच्यातली चांदी सगळंच अडवते.

माळ्यावर काकांचा जुना फ्लॅश असेल तर तो थेट डिजिटल कॅमेऱ्यावर चढवू नका. काही जुन्या फ्लॅशच्या पायाशी २०० व्होल्टच्या वर दाब असतो. कॅमेरा जळू शकतो. त्याला वेगळा मिळणारा छोटा स्लेव्ह लावा आणि स्टँडवर ठेवा. म्हणजे कॅमेऱ्याला तो शिवणारच नाही. आणि कोणताही फ्लॅश घरी उघडू नका. पेन्सिल सेल काढले तरी आतला कपॅसिटर झटका देतो.

स्टँडच्या पायाशी वाळूची पिशवी ठेवा. घरात लहान मुलं असतात. तान्ह्या बाळाच्या तोंडावर फ्लॅश सरळ मारू नका, भिंतीवर मारून उजेड परतवा.

लग्नाच्या हॉलमध्ये मात्र हा स्लेव्ह नेऊ नका. तो बिचारा कुणाचंही ऐकतो. मावसभावाने कॅमेऱ्याचा फ्लॅश मारला तरी तो उडणार. सेल संपतील, आणि अंतरपाट दूर होण्याच्या क्षणी तो भरत बसलेला असेल. तिथे रेडिओचा ट्रिगर न्या.

तुम्ही नुसते पाहुणे म्हणून गेला असाल तरी एवढं करा. मांडवातल्या फोटोग्राफरच्या दिव्यांवर स्लेव्ह लावलाय का, ते त्यालाच विचारा. लावला असेल तर मंगलाष्टकं होईपर्यंत आपला फ्लॅश बंद ठेवा.