सुटींतील उजळणीचे वर्ग

दिवाळीची सुटी जवळ येऊं लागली कीं आकाशकंदिलांच्या जोडीला दुसरीहि एक आरास आमच्या शहरांतून दिसूं लागते. विजेच्या खांबांवर, रिक्षांच्या पाठीवर आणि चौकाचौकांतील फलकांवर 'दहा दिवसांत संपूर्ण गणित', 'पंधरा दिवसांत दहावीची हमखास तयारी' अशा जाहिराती झळकतात, व त्यांखालीं गेल्या वर्षींच्या गुणवंतांचीं छायाचित्रें असतात. नाताळाच्या सुमारास हाच प्रकार दुप्पट जोरानें चालतो. राज्य मंडळाची दहावीची परीक्षा पूर्वीं मार्चांत सुरू होत असे. २०२५ सालीं ती २१ फेब्रुवारीसच सुरू झाली. त्यामुळें आईबापांचा धीर थोडा आधींच सुटूं लागला आहे, आणि या सुटलेल्या धीरावरच या धंद्याचें निम्मे भांडवल उभें आहे.

शिकविण्याबद्दल मोल घेणें यांत कांहीं कमीपणा आहे असें आमचें मत नाहीं. खुद्द टिळकांनीं पुण्यास वकिलीच्या परीक्षेचा खाजगी वर्ग चालविला होता, आणि त्याबद्दल त्यांस कोणी शहाण्या माणसानें दोष दिल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. परंतु त्या वर्गांत बसणारे लोक प्रौढ होते. आपणांस काय पाहिजे व तें येथें मिळतें कीं नाहीं, हें त्यांस कळत होतें. सुटींतील वर्गाचें गिऱ्हाईक पंधरा वर्षांचें पोर असतें, आणि पैसे मोजणारा बाप भ्यालेला असतो. माल कसा आहे हें घेणारास निकालाच्या दिवसापर्यंत कळत नाहीं, आणि तेव्हां कळून उपयोग नसतो. आमचे वाचक बहुतांशीं व्यापारी आहेत. असला सौदा ते आपल्या दुकानांत करतील काय?

आतां माल कसा आहे तें पाहूं. बहुतेक ठिकाणीं सकाळीं आठापासून सायंकाळपर्यंत एकामागून एक तास होतात. शिक्षक फळ्यावर उदाहरण सोडवितो, मुलें उतरून घेतात, आणि मग अपेक्षित प्रश्नांचा छापील संच हातीं पडतो. दुसऱ्यानें सोडविलेलें उदाहरण पाहतांना तें आपणांस येतें असा भास होतो, आणि भास विकणें हें ज्ञान विकण्याहून नेहमींच सोपें असतें. एबिंगहाउस या जर्मन पंडितानें निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतः पाठ करून विस्मृतीचा हिशेब १८८५ सालीं प्रसिद्ध केला. एका बैठकींत घोकलेलें लवकर ओसरतें, आणि दिवसांचें अंतर ठेवून केलेली उजळणी थोड्या श्रमांत अधिक टिकते, असें त्यास आढळलें. पुढें २००६ सालीं रोडिगर व कार्पिक या अमेरिकन संशोधकांनीं दाखविलें कीं, उतारा वारंवार वाचणारांस पांच मिनिटांनीं अधिक आठवलें, पण आठवड्यानंतर न पाहतां आठवून लिहिण्याची संवय केलेले विद्यार्थी पुढें गेले. दिवाळीच्या वर्गापासून परीक्षेपर्यंत तर साडेतीन महिने जावयाचे असतात!

ज्या दुकानदाराची रोजकीर्द रोजच्या रोज लिहिली जाते त्यास लक्ष्मीपूजनाच्या रात्रीं दिवा लावून खतावणी जुळवीत बसावें लागत नाहीं. जो वर्षभर लिहीत नाहीं, त्यानें शेवटच्या आठवड्यांत दहा कारकून बसविले तरी उधारी सांपडत नाहीं.

तरी सुटींतील उजळणी सर्वथा त्याज्य आहे असें आम्ही म्हणत नाहीं. नववींत ज्याचें बीजगणित कच्चें राहिलें त्यास आठ दिवस कोणी जवळ बसवून त्याची नेमकी चूक कोठें होते तें दाखविलें, तर तें पोर तरून जाईल. भूमितीचा चाळीस गुणांचा कागद घड्याळ लावून सोडवावयाचा, तो तपासून घ्यावयाचा, चुकलेलें पुन्हा दोन दिवसांनीं करावयाचें, इतकेंच हें काम आहे. पण त्यास एका शिक्षकामागें पंधरा-वीस मुलें पाहिजेत. दीडशें मुलांच्या दिवाणखान्यांत तें होत नाहीं, आणि पंधरा मुलांत जागेचें भाडें निघत नाहीं. भाषांच्या कृतिपत्रिकेंत न वाचलेला उतारा येतो. तेथें तर पाठ केलेल्या संचाचा उपयोग फारच थोडा.

मग हें काम कोणाचें? आमचें उत्तर सरळ आहे: शाळेचें. शिक्षकानें खाजगी शिकवणी करूं नये असें २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचें अठ्ठाविसावें कलम सांगतें. कायद्यानें शिक्षकास बाहेर शिकविण्याची मनाई केली, पण शाळेच्या आंत दुबळ्या मुलासाठीं वेळ व वेतन राखून ठेवण्याची काळजी कोणी घेतली नाहीं. ती पोकळी बाजारानें भरली. २०२४ च्या जानेवारींत केंद्र सरकारनें शिकवणी-वर्गांसाठीं मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालील विद्यार्थ्यांस प्रवेश देऊं नये, दिवसाला पांच तासांवर शिकवूं नये, सणावारीं मुलांस घरच्या माणसांत राहूं द्यावें, गुणांची हमी देऊं नये, असें तींत स्पष्ट आहे. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत फसव्या जाहिरातींविरुद्धहि सूचना निघाल्या, आणि यशस्वी विद्यार्थ्याच्या लेखी संमतीवांचून त्याचें नांव वा छायाचित्र वापरण्यास बंदी झाली. आमच्या चौकांतील फलक या सूचनांपुढें धरून पाहिले तर त्यांपैकीं किती टिकतील, हें वाचकांनीं स्वतःच ठरवावें. जानेवारीच्या सूचनांस कायद्याचें बळ देणें राज्यांवर सोंपविलेलें आहे.

या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे, आणि ती आम्हांस सर्वांत अधिक खुपते. कित्येक घरीं मुलाच्या वर्गाची फी कर्ज काढून भरली जाते, आणि त्याच इयत्तेंतील मुलीस, 'तूं हुशार आहेस, घरींच वाच' असें सांगून चकल्यांच्या सोऱ्यापाशीं बसविलें जातें. सफाई, फराळ, पाहुण्यांचें चहापाणी यांतून तिला दुपारचा एक तास मिळाला तर भाग्य! अकरावीचा प्रवेश मात्र दोघांसहि दहावीच्या गुणांवरच मिळतो. ज्याचें घर म्हणजे एक खोली, तिच्यांत दूरचित्रवाणी व चार भावंडें, त्या मुलाची गोष्टहि याहून वेगळी नाहीं. या मुलांस व्याख्यानांपेक्षां तीन तासांची शांत जागा, जुन्या प्रश्नपत्रिका आणि शंका विचारावयास एक माणूस अधिक पाहिजे.

ही व्यवस्था आमच्या शहरांतच होऊं शकते. तुळशीचें लग्न लागेपर्यंत मंगल कार्यालयें रिकामीं असतात, आणि पौषांतहि तेथें फारशी वर्दळ नसते. त्यांच्या मालकांनीं सकाळचे तीन तास जागा द्यावी. शाळांनीं आळीपाळीनें आपले शिक्षक पाठवावे, आणि त्यांचा मेहनताना, तपासणीचा कागद व चहा यांचा खर्च व्यापारी मंडळीनें उचलावा. खाजगी वर्गाच्या फीवर शेंकडा अठरा रुपये कर पडतो, शाळेच्या फीवर पडत नाहीं. हा हिशेब तरी आमच्या शेटजींस पटण्याजोगा आहे. लक्ष्मीपूजन व भाऊबीज हे दिवस सोडून द्यावे. मुलींच्या जागा निम्म्या राखाव्या व त्या भरल्याशिवाय यादी बंद करूं नये. शाळांच्या व्यवस्थापक मंडळींनीं सहामाही परीक्षेचे गुण लागतांच कच्च्या मुलांचीं नांवें विषयवार काढून ठेविलीं, तर कार्यालयांच्या मालकांशीं बोलणें वसुबारसेपूर्वीं उरकतां येईल.