गुठळी, केसपेपर आणि ग्राहक आयोग

"आपल्या लोकांच्या पायात गुठळ्या होत नाहीत, तो गोऱ्यांचा आजार." आम्ही शिकत होतो तेव्हा वॉर्डात हे वाक्य सर्रास ऐकू यायचे. अजूनही येते. ते तेव्हाही चूक होते.

पायाच्या खोलवरच्या नीलेत रक्त साकळते त्याला आम्ही डीव्हीटी म्हणतो. रक्ताचा प्रवाह मंदावणे, रक्तवाहिनीच्या अस्तराला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे ही त्याची तीन कारणे. खुब्याचे हाड मोडून ऑपरेशन झालेल्या आजींच्या बाबतीत ही तिन्ही एकाच वेळी हजर असतात. गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात अडकला, तर माणूस काही मिनिटांत जाऊ शकतो.

अशा वेळी नातेवाईक म्हणतात, "चालताबोलता माणूस गेला, म्हणजे डॉक्टरांनीच मारला." हे मला मान्य नाही. हिपॅरिनची इंजेक्शने वेळेवर देऊनही काहींना गुठळी होतेच. औषधाने धोका कमी होतो, शून्य होत नाही. केवळ वाईट परिणाम झाला म्हणून तो निष्काळजीपणा ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2005 च्या जेकब मॅथ्यू खटल्यात स्पष्ट केले आहे.

पण आमचे व्यवसायबंधू या निकालाची छत्री करून तिच्याखाली उभे राहतात, त्यावर माझा आक्षेप आहे. संमतीपत्रावर बारीक अक्षरात छापलेले असते की रक्ताची गुठळी होऊन मृत्यू येऊ शकतो. त्यावर तुमची सही असते. पुढे काही झाले की तीच सही तुमच्यासमोर धरली जाते. अहो, धोका छापण्याइतका माहीत होता, तर तो टाळण्यासाठी काय केले ते कुठे लिहिले आहे? सही म्हणजे हलगर्जीपणाचा परवाना नव्हे.

2008 साली 'लॅन्सेट'मध्ये 32 देशांतील रुग्णालयांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात भारतही होता. दाखल रुग्णांपैकी निम्म्याहून अधिकांना गुठळीचा धोका होता आणि त्यांतल्या जेमतेम निम्म्यांना योग्य प्रतिबंधक उपचार मिळत होते. इंग्लंडने 2010 पासून दाखल होणाऱ्या प्रौढ रुग्णाच्या या धोक्याची नोंद करण्याची देशव्यापी मोहीम उघडली. त्याला मशीन लागत नाही. पाच मिनिटे आणि एक कागद लागतो.

"रक्तस्राव झाला असता" हे उत्तर मी ऐकून घेतो, कारण ते खरे असू शकते. मेंदूच्या ऑपरेशननंतर लगेच हिपॅरिन देणे अवघडच असते. मग तसे लिहा, आणि पायाला हवेचे पंप लावा. विचार करून औषध न देणारा डॉक्टर माझ्या मते निर्दोष आहे. विचारच न करणाऱ्याचे काय?

बहुतेकदा गुठळी घरी गेल्यावर होते. एकच पाय सुजतो, पोटरी दुखते. घरचे तेल लावून चोळतात (कृपा करून चोळू नका), कॅज्युअल्टीतला डॉक्टर वेदनाशामक गोळी देऊन परत पाठवतो. तक्रार सांगूनही पाय तपासला नाही, डॉपलर केली नाही, डिस्चार्ज कार्डावर सूज आल्यास काय करायचे याचा एक शब्द नाही, अशा ठिकाणी दाव्यात खरा दम असतो. 1995 पासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे.

काचा फोडून काही सिद्ध होत नाही, उलट तुम्हीच आरोपी होता. लेखी अर्ज करून केसपेपरच्या प्रती मागा. 2002 च्या नियमांनुसार डॉक्टरने त्या 72 तासांत द्यायच्या असतात. हातात आल्यावर धोक्याची नोंद, हिपॅरिनचे डोस आणि त्यांच्या वेळा आधी पाहा.